वस्तरा आणि डावा हात

कामशेतच्या बाजारपेठेत एका जुन्या सलूनमध्ये आरशाखालच्या खिळ्याला चामोटं टांगलेलं आहे. चार बोटं रुंद, हातभर लांब चामड्याचा पट्टा आणि त्याच्या मागे तेवढ्याच लांबीची जाड कापडाची पट्टी. चामड्याचा मधला भाग वापरून वापरून काळाभोर, तुळतुळीत झाला आहे. खालच्या टोकाला मात्र चिरा आहेत. काही वरवरच्या, एकदोन चांगल्या खोल. वस्तरा टोकाशी पोचला की तो पालटून परत वर आणायचा असतो, आणि पालटायचा तो पाठीवर. पाठ चामड्याला टेकलेलीच ठेवून पातं कुशीवर वळवायचं. नवशिका घाईत धारेवरच वळवतो आणि चामडं चिरतं. सलूनचे जुने मालक, ज्यांना सगळी पेठ आप्पा म्हणते, त्या चिरांवर बोट ठेवून कोणती कोणाची ते सांगतात. ही धाकट्या भावाची. ही थोरल्या मुलाची. ही खोल आहे ती शिकून पुढे मुंबईला गेलेल्या भाच्याची.

आता खुर्ची मुलगा चालवतो आणि त्याच्या हातात अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं पान, काम झालं की कचऱ्यात. चामोट्याची त्याला गरज नाही. आप्पा बाकावर बसून पेपर वाचतात आणि अधूनमधून मुलाच्या हाताकडे बघतात. वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायला शिकायचं आहे, असं मी त्यांना म्हणालो तेव्हा ते हसले. "दुसऱ्याची कराया शिकवीन. स्वतःची वस्तऱ्यानं कधी केलीय कुणी?" आप्पांची दाढी जन्मभर भावानं किंवा पलीकडच्या दुकानातल्यानं केली आहे, आणि त्यांची यांनी.

बर्ट्रांड रसेलच्या व्याख्यानांमुळे गाजलेलं एक कोडं आहे. गावातले जे लोक स्वतःची दाढी करत नाहीत त्या सर्वांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी न्हावी करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? तर्कशास्त्रात हे कोडं गाठ पडल्यासारखं अडकतं. कामशेतला त्याचं उत्तर 'पलीकडचं दुकान' असं आहे. पण माझ्यासाठी या उत्तरात एक अडचण होती. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांनी हजारो गालांवर वस्तरा फिरवला होता, फक्त आरशातल्या गालावर कधी नाही. त्यांना जे हाताला ठाऊक होतं ते माझ्या हाताला उलटं करून घ्यावं लागणार होतं.

चेहऱ्याच्या आधी चामोटं आलं. बरेच दिवस फक्त तेच. आप्पांच्या धोकटीत दोन वस्तरे होते. एक जर्मनीतल्या झोलिंगनचा, पात्यावरचा छाप अर्धा पुसलेला. दुसरा देशी, जाड पाठीचा, गावच्या लोहारानं घडवलेला. देशी वस्तरा त्यांनी माझ्या हातात दिला. चामोट्याचं वरचं टोक खिळ्याला, खालचं डाव्या हातात, पट्टा ताणलेला. पट्टा ढिला सोडला तर तो पात्याखाली झोळ खातो आणि धार गोल होते. वस्तरा सपाट ठेवायचा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या. मग पाठ पुढे, धार मागे, असा तो ओढायचा. आधी कापडावर, मग चामड्यावर. जोर अजिबात नाही, फक्त पात्याचं वजन. आप्पा मागे बसून ऐकायचे. पाठ उचलली गेली की चामड्याचा आवाज बदलतो, आणि त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता 'उचललंस' म्हटलं की खरोखर उचललेलं असायचं. पहिल्या दिवशी मला 'तुम्ही' म्हणणारे आप्पा चामोट्यापाशी 'तू'वर आले, ते तसेच राहिले.

केसासारखी मऊ वस्तू कापून पोलाद बोथट कसं होतं, हा प्रश्न तेव्हा मला पहिल्यांदा पडला. ज्या पात्याला मी पाजळत होतो ते केसाच्या मानानं कितीतरी कठीण. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलूका रोशोली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यांचा निबंध २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. रेझरचं पोलाद केसाच्या सुमारे पन्नासपट कठीण असतं, तरी केस त्याला हरवतो. नुसता झिजवून नव्हे, तर धारेचा कपचा उडवून. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. काही कण जास्त कठीण, काही थोडे मऊ. केस पात्यापुढे सरळ उभा न राहता वाकला, तिरका झाला आणि नेमका अशा दोन कणांच्या सीमेवर कापला जाऊ लागला, की तिथून बारीकसा तुकडा निघतो. एक कपचा निघाला की त्याच्या शेजारी दुसरा निघायला सोपं जातं. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर केस आधी भिजवायचा. ताठ केस लोखंड खातो."

त्यांच्या त्या एका वाक्यात दाढीची अर्धी पूर्वतयारी आली. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात तो दोनतीन मिनिटं मुरला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. पाणीही कसं आहे हे महत्त्वाचं. लोणावळ्याला वळवण, तुंगार्लीच्या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी मऊ असतं. त्यात साबणाचा फेस लगेच दाट होतो आणि गालावर टिकतो. खाली तळेगावच्या बाजूला बोअरच्या पाण्यात तोच साबण, तोच ब्रश, पण फेस विरविरीत. मी कामशेतहून घरी आलो की बोअरचं पाणी बाजूला ठेवतो आणि पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं वापरतो. शेजाऱ्यांना ते जरा विचित्र वाटतं.

चामोटं धार सरळ करतं, नवी देत नाही. नवी धार दगडावर. आप्पा दगडाला निसणा म्हणतात, आणि त्यांचा निसणा मधोमध खोलगट झालेला, वडिलांकडून आलेला होता. इथे दिशा उलटी: दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. हे एवढंच लक्षात राहिलं तरी खूप. वस्तऱ्याची खरी हुशारी त्याच्या आकारात आहे, हे दगडावरच कळलं. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो आणि तो दर वेळी चुकतो. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवल्या की कोन आपोआप ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. पातं झिजतं तशी पाठही थोडी झिजते, त्यामुळे कोन वर्षानुवर्षं जवळजवळ तोच राहतो. मधलं पोट दोन्ही बाजूंनी कोरून काढलेलं, म्हणून धारेलगतचं पोलाद इतकं पातळ की नखावर हलकं दाबलं तर झोलिंगनच्या वस्तऱ्याचं पातं किंचित वाकतं. ज्यानं कुणी हा आकार पहिल्यांदा काढला त्यानं धार लावणाऱ्याच्या हाताचा भरवसा न धरता धातूचाच धरला होता.

कामशेतपासून बेडशाची लेणी जवळ आहेत. कार्ला आणि भाजे मळवलीच्या दोन अंगांना. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांपासून या डोंगरांत भिक्षू राहत होते, आणि त्यांची डोकी मुंडित होती, ही गोष्ट चैत्य बघायला गेलेला माणूस सहसा विसरतो. कुणीतरी, कशाने तरी, ती मुंडत असणारच. पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, याची तजवीज आहे. भिक्षूनं केस दोन महिने किंवा दोन अंगुळं, यापेक्षा जास्त वाढू देऊ नयेत. आणि त्यासाठी वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, त्याचं घर, गुंडाळायला नमदा, असं सगळं सामान ठेवायला बुद्धानं परवानगी दिली. कार्ल्याचे भिक्षू महासांघिक पंथाचे, त्यांचा विनय थोडा निराळा, पण मुंडण सगळ्यांनाच होतं. या यादीतला मला आवडतो तो दगड. नियम घालणाऱ्यांना ठाऊक होतं की वस्तरा दगडाशिवाय फार दिवस वस्तरा राहत नाही.

आणि विनय संघाला तोंडपाठ म्हणून दाखवला कोणी? परंपरा सांगते की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत तो उपालीनं म्हटला, आणि उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. पण त्याच विनयात दुसरीही एक गोष्ट आहे. आतुमा गावी म्हातारपणी भिक्षू झालेला एक न्हावी होता. बुद्ध येणार म्हणून त्यानं आपल्या दोन मुलांना हत्यारं देऊन घरोघर पाठवलं. त्यांनी लोकांचे केस केले आणि त्याबदल्यात तांदूळ, तेल, मीठ गोळा केलं. बुद्धानं ते धान्य घेतलं नाही, आणि पूर्वी न्हावी असलेल्यानं न्हाव्याची हत्यारं बाळगू नयेत असा नियम केला. बाकी सगळ्यांना वस्तरा चालेल, ज्याला तो येतो त्याला नाही. नियमामागचं कारण समजतं. हत्यार हातात असलं की जुना धंदा आणि त्याची कमाई परत येते. तरी आप्पांना ही गोष्ट सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "घरोघर जाऊन तांदूळ आणणं म्हणजे बलुतंच की."

मावळात बलुतं भाताचं असायचं. आप्पांच्या वडिलांकडे नाणे मावळातली काही गावं होती. आठ-पंधरा दिवसांनी धोकटी खांद्याला लावून ते वाड्यावस्त्यांवर जात, ओट्यावर बसून पुरुषांच्या दाढ्या, डोया, पोरांचे केस करत. पैसे नाहीत. भात झोडून झालं की खळ्यावर जाऊन वर्षाचा वाटा मागायचा. घरटी किती पायल्या ते आधीच ठरलेलं, पण मोजून देणारा पायली कशी भरतो यावर सगळं. लग्नाचं आवतण पोचवणं, वरातीत मशाल धरणं, हेही त्याच वाट्यात. बलुतं गेलं, रोख आली, खुर्ची आली, आरसा मोठा झाला. त्याबद्दल आप्पांना अजिबात हळहळ नाही. जुन्या गावगाड्याचं कौतुक ऐकवणारा कुणी दुकानात आला की ते पेपर चेहऱ्यापुढे धरतात.

कौतुक न करण्याची कारणं आहेत. ज्या हातांना एवढं बारीक कौशल्य होतं त्यांना ते कौशल्य जातीचं म्हणून चिकटवलं गेलं. ते शिक्षण आहे असं कुणी मानलं नाही. आणि त्याच हातांनी गावाच्या रीतीप्रमाणे काहींच्या डोक्याला हात लावायचा नाही, हेही ठरलेलं होतं. साताऱ्याला लहानग्या भीमराव आंबेडकरांचे केस न्हावी कापत नसे, ते त्यांची थोरली बहीण कापायची. विधवांच्या डोक्यावरून मात्र तोच वस्तरा सक्तीनं फिरवला जाई. १८९० च्या सुमारास मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गिरणी कामगारांचा पुढारी म्हणून लोखंड्यांचं नाव सांगितलं जातं, ते योग्यच. पण माझ्या मते त्यांच्या कामातली सर्वांत नेमकी गोष्ट ही आहे. रूढीच्या विरोधात व्याख्यान न देता रूढी ज्याच्या हातून पार पडते त्या हाताला नाही म्हणायला लावलं.

लोखंडी धारेचा वस्तरा सलूनमधून गेला तो रोगाच्या भीतीनं. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली, आणि पुढच्या वर्षांत एकच पातं अनेक गालांवरून फिरवणं बंद होत गेलं. कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस बी आणि सी हेही तितकंच गंभीर कारण. डेटॉलच्या पाण्यात बुडवलेलं पातं पुरेसं निर्जंतुक होतं हा भ्रम होता. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला हे बरंच झालं, यात मला शंका नाही. पण त्यानं कामाचा अर्धा भाग कापून टाकला. आप्पांचा मुलगा हातानं उत्तम आहे, कदाचित वडिलांपेक्षाही हलका. पण धार म्हणजे त्याच्यासाठी पाकिटातून निघणारी वस्तू आहे. ती कशी बनते, कशी बिघडते, कशी परत आणायची, हे त्याला माहीत असण्याची गरज उरलेली नाही.

घरच्या दाढीत हे आधीच झालं होतं. किंग कॅम्प जिलेटनं फेकून द्यायच्या पातळ पात्याचा रेझर १९०३ मध्ये विकायला काढला, पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि मग तो थांबला नाही. आपल्याकडे लोकांनी त्या फेकायच्या ब्लेडलाही फेकू दिलं नाही. काचेच्या पेल्याच्या आतल्या गोलाईवर बोटानं ब्लेड घासून ते अजून आठवडाभर वापरणारे आजोबा पुष्कळांनी पाहिले असतील. त्याच्याही आधी, १७६९ मध्ये, झाँ-झाक पेरे नावाच्या पॅरिसच्या सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरानं स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तेव्हा पॅरिसलाही हे काम आपलं आपण करणं नवलाचं होतं. म्हणजे मी जे शिकत होतो ते शिकणाऱ्यांची अडीचशे वर्षांची ओळ आहे. आप्पांच्या लेखी मात्र अजून हा एक वेडेपणाच.

धार जमली की चेहरा. त्याआधी फुगा. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फुगा न फोडता काढायचा. फुग्यावर जे शिकता येतं ते एवढंच, की पातं आडवं सरकू द्यायचं नाही. वस्तरा कातडीवर धारेच्या काटकोनात चालला तर केस कापतो. धारेच्या रेषेत, बाजूला, एक सुतभरही घसरला तर कातडी कापतो. जोराचा प्रश्न दुय्यम. फुगा एवढं शिकवतो आणि लगेच निरुपयोगी होतो, कारण फुगा सगळीकडे सारखाच ताणलेला असतो. चेहरा तसा नसतो.

इथे डावा हात येतो. धरण्याची पद्धत सोपी आहे: पात्यामागच्या शेपटीखाली अंगठा, वरून तीन बोटं, करंगळी वळलेल्या टोकावर, मूठ उघडून वर. पातं गालाशी साधारण तीस अंशांवर. याहून उभं केलं तर खरवडतं, याहून झोपवलं तर केस ओढतं. हे उजव्या हाताचं काम दोनचार दिवसांत अंगवळणी पडतं. दाढी जमते किंवा बिघडते ती डाव्या हातानं. कातडी जिथे ताणलेली आहे तिथे वस्तरा सरकतो; जिथे ढिली आहे तिथे तिची सुरकुती पात्यापुढे उभी राहते, आणि पात्याला केस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. आप्पा गिऱ्हाइकाच्या गालावर काम करतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष वस्तऱ्याकडे असतं. मी नंतर फक्त त्यांचा डावा हात बघायला लागलो. तो क्षणभरही रिकामा नसतो. कानाजवळ कातडी वर ओढ, जबड्याच्या हाडावरून खालची कातडी गालावर चढव, गळ्याला खालून ताण, हनुवटी चिमटीत धर. वस्तरा जिथे पोचणार त्याच्या आधी हात तिथे पोचलेला असतो. मध्येच ते बोटं तुरटीच्या खड्यावर घासतात. साबणानं कातडी बुळबुळीत झालेली असते, तुरटीनं बोटांना पकड येते. तुरटी दाढीनंतर गालाला लावायची एवढंच मला माहीत होतं. दाढी चालू असताना ती बोटांना लागते, हे त्यांनी न सांगता केलं आणि मी पाहिलं.

स्वतःची दाढी करताना हा डावा हात मोकळा नसतो. आप्पा गिऱ्हाइकाच्या मागे, बाजूला, जिथे हवं तिथे उभे राहतात. मला एकाच जागी उभं राहून उजवा गाल ताणायला डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो आणि कानाच्या वर कातडी धरावी लागते. डाव्या गालावर तर प्रश्नच उभा राहतो. वस्तरा डाव्या हातात घ्यावा, की उजवाच हात तोंडासमोरून आडवा न्यावा? आडवा नेला की मनगट आणि मूठ आरसा झाकते. हात बदलला की डाव्या हाताला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. जुन्या मार्गदर्शकांत दोन्ही हातांची सवय करा असं सांगितलेलं असतं. आप्पांकडे यावर उत्तर नव्हतं, कारण त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांनी रिकाम्या खुर्चीत बसून, बंद वस्तरा हातात घेऊन, आरशात बघत आधी एक हात करून पाहिला, मग दुसरा. मग मुलाला हाक मारली. दोघांनी थोडा वेळ वाद घातला. मुलाचं मत, हात बदलावा. आप्पांचं मत, बदलू नये. जो हात धार ओळखतो त्याच हातात ती राहावी, त्रास मानेनं सोसावा. मी मान वळवायला शिकलो. आरसा थोडा डावीकडे टांगला की बरंच सोपं होतं, हे मुलानं सुचवलं.

आरसा मदत करतो त्यापेक्षा जास्त गोंधळवतो. डाव्या-उजव्याची सवय दोनचार दिवसांत होते, पण पुढे-मागे कळत नाही. पातं गालापासून किती अंतरावर आहे हे आरशात नीट दिसतच नाही. म्हणून शेवटी कानावर यावं लागतं. पोटाला खोल कोरलेल्या पातळ पात्याचा आवाज स्पष्ट असतो. धार चांगली असली आणि केस भिजलेला असला की बारीक, सलग कुरकुर ऐकू येते. कोन बिघडला की ती खरखरीत होते. आवाज बंद झाला म्हणजे एकतर तिथले केस संपले, किंवा पातं फेसावरून नुसतंच तरंगतंय. देशी वस्तऱ्याचं पातं जाड, तो मुका. म्हणून चेहऱ्यासाठी आप्पांनी मला झोलिंगनचा दिला.

पहिला हात केस ज्या दिशेनं उगवतात त्या दिशेनं. गालावर ती बहुतेकांची खाली असते, पण गळ्यावर प्रत्येकाची निराळी. कुणाचे केस वर जातात, कुणाचे मधोमध भोवरा घेऊन बाजूला. कोरड्या गालावरून बोट फिरवून आधी हे ओळखून घ्यावं लागतं. दुसरा हात आडवा. उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध, आप्पा नवख्या गालाला कधीच मारत नाहीत. सलूनमध्ये उलटा हात मारून घ्यायचा हट्ट धरणारी तरुण मुलं असतात, गाल आरशासारखा हवा असतो. दोन दिवसांनी कापलेला केस कातडीत वळून पुटकुळी उठते तेव्हा तीच मुलं तक्रार घेऊन येतात.

लोणावळ्याचा पाऊस हा या सगळ्या उद्योगाचा शत्रू. वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाणी जिथे पडतं आणि जुलैत आठवडेच्या आठवडे कपडे वाळत नाहीत, तिथे कार्बनच्या पोलादाचा वस्तरा ठेवणं म्हणजे रोजची पहारेदारी. तो स्टेनलेस नसतो. रात्री ओला राहिला तर सकाळी धारेवर तपकिरी ठिपका, आणि धारेवरचा ठिपका म्हणजे परत दगड. चामोट्यावर हिरवट बुरशी येते. आप्पांच्या वडिलांच्या वेळी पातं खोबरेल लावून फडक्यात गुंडाळत. थंडीत ते तेल गोठून पांढरं व्हायचं आणि पावसात कालांतरानं चिकट. आता शिलाई मशीनचं तेल बरं पडतं. वापरलं की कोरडं पुसायचं, पाठीकडून धारेकडे, तेलाचं बोट फिरवायचं आणि उघडं, हवेशीर ठेवायचं. त्याच्या मुठीत मिटून ठेवलं तर आतला ओलावा बाहेर पडत नाही. बेडशाच्या लेण्यात पावसाळ्यात पाणी पाझरताना पाहिलं की मला विनयातल्या नमद्याची आठवण येते. त्या भिक्षूंना वर्षावास इथेच काढायचा होता, वस्तऱ्यासकट.

कार्ल्याच्या चैत्याच्या दारातच एकवीरेचं देऊळ आहे. कोळी, आगरी मंडळी मुलांची जावळं तिथे काढतात. मुलाला मामाच्या मांडीवर बसवतात. जावळ काढणाऱ्याचा उजवा हात मी आता बघत नाही. डाव्या तळव्यात मुलाचं डोकं पूर्ण सामावलेलं असतं आणि ते मूल कुठे वळणार हे वळण्याआधी त्या तळव्याला कळतं. हल्ली बहुतेकदा यंत्र चालतं, वस्तरा शेवटी नावापुरता. पण त्या तळव्याचं काम यंत्र करत नाही.

माझ्या चेहऱ्यावर आता गाल, जबडा आणि गळा जमतात. कंठमण्यावरून सरळ जाता येत नाही. आवंढा गिळून थांबायचं किंवा कातडी बाजूला सरकवून सपाट जागेवर आणायची. हनुवटी अवघड, कारण तिथे हाड गोल आहे, केस सर्वांत राठ आहेत आणि पातं सरळ आहे. छोटे छोटे हात, प्रत्येक हाताला नवा ताण. पण खरी अवघड जागा वरच्या ओठाची. तिथे कातडी ताणायला जागाच नाही. आप्पा गिऱ्हाइकाचं नाक दोन बोटांनी वर उचलतात आणि एकदोन हातांत मोकळे होतात. मी स्वतःचं नाक डाव्या हातानं वर धरतो तेव्हा तोच हात आरसा झाकतो, आणि वस्तरा नेमका नाकाखाली. ओठ दातांवर ओढून पाहिला, तोंडात हवा भरून पाहिली. आप्पांनी हे सगळं बाकावरून पाहिलं, पेपर घडी केला आणि सांगितलं, "एक सोपा उपाय हाय. मिशी ठेव."

ती आता चांगली वाढली आहे. मुलगा दर पंधरवड्याला कात्रीनं तिची टोकं कापून देतो आणि त्याचे पैसे घेतो.